बारावीचे जीवशास्त्र दोन परीक्षांच्या कात्रीत

महाराष्ट्रातील विज्ञान शाखेचा जो विद्यार्थी वैद्यकीय अभ्यासक्रमाची आकांक्षा बाळगतो, त्याला बारावीच्या वर्षी जीवशास्त्राची परीक्षा दोनदा द्यावी लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्य मंडळाची, आणि साधारणतः मे महिन्यात 'नीट'ची. दोन्ही परीक्षांतील विषयाचे नाव एकच, विद्यार्थी तोच, मधले अंतरही जेमतेम दोन महिन्यांचे. तरीही या दोन परीक्षांसाठी त्याच्या टेबलावर दोन वेगळी पाठ्यपुस्तके असतात, दोन वेगळ्या वह्या असतात आणि अभ्यासाच्या दोन जवळपास परस्परविरोधी सवयी त्याला अंगी बाणवाव्या लागतात. राज्य मंडळाची परीक्षा तीन तासांत सत्तर गुणांचे लेखन मागते आणि तीस गुण प्रात्यक्षिकाला देते. 'नीट'मध्ये जीवशास्त्राचे नव्वद प्रश्न, ३६० गुण. म्हणजे एकूण ७२० गुणांपैकी निम्मे. तेथे लिहायचे काहीच नसते. चार पर्यायांपैकी एक गोल काळा करायचा असतो. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो.

या ओढाताणीची चर्चा बहुधा विद्यार्थ्यांवरील ताण, शिकवण्यांची शुल्के आणि पेपरफुटी यांच्या अंगाने होते. ती आवश्यकच आहे. परंतु या साऱ्यात जीवशास्त्र या विषयाचे नेमके काय झाले, सोळा-सतरा वर्षांचा मुलगा वा मुलगी दोन वर्षे हा विषय अहोरात्र वाचूनही त्यातले काय शिकून बाहेर पडते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

परिस्थिती नेहमीच अशी नव्हती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत राज्यातील वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवर होत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तीन विषयांच्या बेरजेला घरोघरी 'ग्रुप' म्हणत, आणि ग्रुपमधला एकेक गुण मोलाचा असे. 'लातूर पॅटर्न'चा दबदबा त्याच काळातला. पुढे राज्याची स्वतःची सीईटी आली. २०१३ मध्ये देशव्यापी 'नीट' पहिल्यांदा झाली, त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयानेच तो निर्णय मागे घेतला आणि मेच्या पहिल्याच दिवशी परीक्षेचा पहिला टप्पा पार पडलाही. महाराष्ट्रात त्या वर्षी राज्याची सीईटी ५ मे रोजी झाली, आणि केंद्राच्या अध्यादेशामुळे राज्याच्या कोट्याला एका वर्षाची सवलत मिळाली. २०१७ पासून मात्र वैद्यकीय प्रवेशाचा दरवाजा एकच राहिला.

या बदलाचा सर्वांत खोल परिणाम बारावीच्या गुणांच्या किमतीवर झाला. वैद्यकीय प्रवेशासाठी बारावीला तिन्ही विज्ञान विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला पन्नास टक्के आणि राखीव प्रवर्गांना चाळीस टक्के गुण पुरेसे ठरले. त्यापुढच्या गुणांना बाजारात भाव उरला नाही. करोनाकाळात ही गोष्ट उघडपणे सिद्ध झाली. २०२१ मध्ये राज्याची बारावीची परीक्षा रद्द करून दहावी, अकरावी आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावण्यात आला. 'नीट' मात्र पुढे ढकलून का होईना, १२ सप्टेंबर २०२१ रोजी झालीच. कोणत्या परीक्षेवाचून चालू शकते आणि कोणत्या परीक्षेवाचून नाही, हे विद्यार्थ्यांना वेगळे सांगण्याची गरज राहिली नाही.

दोन परीक्षा एकाच धड्याकडे कशा पाहतात, हे एका उदाहरणावरून लक्षात येईल. सपुष्प वनस्पतींतील दुहेरी फलन हा प्रश्नपत्रिकेतला जुना मानकरी. राज्य मंडळाचा पेपर सांगतो की, आकृती काढून ही प्रक्रिया स्पष्ट करा. विद्यार्थ्याला परागनलिका बीजांडात कशी शिरते, दोन नरयुग्मकांपैकी एक अंडपेशीशी आणि दुसरे मध्यवर्ती पेशीतील केंद्रकांशी कसे एकरूप होते, त्यातून भ्रूण आणि भ्रूणपोष कसे तयार होतात, हे क्रमाने मांडावे लागते. क्रम चुकला तर उत्तर चुकते. 'नीट'मध्ये हाच धडा जोड्या लावण्यात किंवा 'खालीलपैकी किती विधाने बरोबर आहेत' या साच्यात येतो. १८० मिनिटांत १८० प्रश्न असले, तरी भौतिकशास्त्राच्या गणितांसाठी वेळ राखायचा म्हणून जीवशास्त्राचे नव्वद प्रश्न पाऊण तासात उरकण्याचा सराव मुलांकडून करून घेतला जातो. प्रश्नामागे अर्धे मिनिट. अर्ध्या मिनिटात विचार होत नाही, ओळख पटते. म्हणूनच केंद्रीय पुस्तकातील ओळ न् ओळ, आकृतीखालची टीप आणि चौकटीतला बारीक मजकूरही तोंडपाठ करणारा विद्यार्थी या परीक्षेत पुढे जातो.

अर्थात, जुन्या व्यवस्थेविषयी हळवे होण्याचे कारण नाही. बारावीचे वर्णनात्मक प्रश्नही वर्षानुवर्षे तेच ते असत, त्यांची उत्तरे बाजारातील गाइडांत आणि 'अपेक्षित' प्रश्नसंचांत तयार मिळत, आणि ती जशीच्या तशी उतरवणाऱ्याला भरघोस गुण पडत. प्रात्यक्षिकाच्या गुणांची खिरापत तर सर्वश्रुतच होती. त्या मानाने यंत्राने तपासलेली, परीक्षकाच्या लहरीपासून मुक्त असलेली परीक्षा गडचिरोलीच्या आणि मुंबईच्या मुलाला एकाच मापाने मोजते, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. त्यातली अडचण इतकीच की, ते माप कशाचे आहे हे तपासले गेले नाही.

पुस्तकांच्या तफावतीने हा गुंता वाढवला. राज्याचे बारावीचे जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक २०२० मध्ये नव्याने आले. त्यात पंधरा प्रकरणे आहेत आणि वनस्पती व पाणी यांच्या नात्यावर, वनस्पतींच्या वाढीवर व खनिज पोषणावर, अन्ननिर्मितीतील वाढीवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. इकडे एनसीईआरटीने २०२२ मध्ये अभ्यासक्रमाचा भार हलका करण्याच्या नावाखाली आपल्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांतून वनस्पतींमधील वहन, खनिज पोषण, पचन व शोषण, अन्नोत्पादन वाढीचे उपाय आणि पर्यावरणीय समस्या ही प्रकरणे वगळली. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 'नीट २०२४'साठी जो अभ्यासक्रम जाहीर केला, त्यानेही बहुतांशी हीच वाट धरली. भावी डॉक्टर निवडणाऱ्या परीक्षेच्या अभ्यासक्रमातून पचनसंस्थाच बाहेर पडावी, याकडे गंमत म्हणून पाहता येईल. पण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाने मुळांनी शोषलेले पाणी पानापर्यंत कसे चढते हे 'नीटला नाही' म्हणून सोडून द्यावे, यात गंमत नाही. बोर्डापुरते ते वाचले जाते, तेही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. वनस्पतिशास्त्राचा जो भाग या मुलांच्या घराच्या मागच्या दारी रोज दिसतो, तोच नेमका त्यांच्या अभ्यासात सावत्र ठरतो.

भाषेचा अडसर याहून जुना. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी पेशी, गुणसूत्र, तंतुकणिका, हरितलवक, सूत्री विभाजन आणि अर्धगुणसूत्री विभाजन हे शब्द शिकून येतो. अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात ते सगळे मोडीत निघून मायटोकाँड्रिया, क्लोरोप्लास्ट, मायटॉसिस, मायॉसिस सुरू होते. मायटॉसिस आणि मायॉसिस यांच्यात गोंधळ होणार नाही तर काय? 'अर्धगुणसूत्री' या शब्दात गुणसूत्रांची संख्या निम्मी होते हे सांगितलेलेच आहे. ग्रीक शब्दातून ते मराठी मुलाला कळत नाही आणि कोणी फोडूनही सांगत नाही. 'सेमी इंग्रजी'ने हा धक्का काहीसा सौम्य केला, मात्र संपवला नाही. मुलांच्या पाठांतराला आळस म्हणणाऱ्यांनी या बाजूचाही विचार करावा. ज्या भाषेत स्वतःचे वाक्य रचण्याचा आत्मविश्वास नाही, त्या भाषेतले दुसऱ्याचे वाक्य पाठ करणे हाच विद्यार्थ्याला सुरक्षित मार्ग वाटतो. 'नीट' २०१७ पासून मराठीतूनही देता येते. परंतु अकरावी-बारावीचे अध्यापन, शिकवण्या, सराव चाचण्या सारे इंग्रजीत असताना केवळ प्रश्नपत्रिका मराठीत मिळून उपयोग काय? देशभरातील वीस लाखांहून अधिक परीक्षार्थींमध्ये मराठी प्रश्नपत्रिका मागणारे काही हजारांपलीकडे गेले नाहीत, यात आश्चर्य नाही.

शिकवण्यांचा आणि कनिष्ठ महाविद्यालयांचा संबंध आता इतका सर्वज्ञात आहे की त्याविषयी धक्का बसल्याचे नाटक करण्यात अर्थ नाही. नाव एका महाविद्यालयात, दिवसभर बसणे दुसऱ्याच इमारतीतील क्लासमध्ये, या व्यवस्थेला 'इंटिग्रेटेड' असे भारदस्त नाव आहे. तिला आळा घालण्यासाठी राज्य सरकारने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करण्याचा आदेश काढला. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गात घेऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. आदेशांनी क्लास ओस पडले नाहीत. ओस पडली ती प्रयोगशाळा, आणि ती आधीपासूनच ओस होती.

जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांना फार साधने लागतात असे नाही. कांद्याच्या मुळाचे टोक कापून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पेशीविभाजनाच्या अवस्था शोधणे. पानाच्या खालच्या त्वचेची साल काढून पर्णरंध्रे मोजणे. बटाट्याच्या तुकड्यात परासरण पाहणे. वेगवेगळ्या ठिकाणच्या मातीचा सामू तपासणे. यातल्या बहुतेक गोष्टी स्वयंपाकघरात आणि अंगणात सापडतात. पूर्वी बेडकाचे आणि झुरळाचे विच्छेदन हा या विषयाचा दरारा होता. प्राण्यांचा बळी घेण्याविरुद्धच्या रास्त भूमिकेतून ते मागे पडत गेले आणि २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी-पदव्युत्तर स्तरावरही त्याला मनाई केली. त्याबद्दल कोणी अश्रू ढाळू नयेत. पण विच्छेदनाच्या जागी निरीक्षणाचे दुसरे काही येण्याऐवजी जर्नल आले. आधीच्या वर्षीच्या विद्यार्थ्याचे जर्नल समोर ठेवून आकृत्या उतरवायच्या, सही घ्यायची, बाहेरून आलेल्या परीक्षकाने दोन तोंडी प्रश्न विचारायचे. 'नीट'मध्ये कांद्याच्या मुळाच्या टोकावर प्रश्न येऊ शकतो; त्याचे उत्तर देण्यासाठी कांदा हातात धरलेला असण्याची गरज नसते.

येथे अभ्यासाच्या पद्धतीविषयी मानसशास्त्राने काय सांगितले आहे तेही पाहणे उपयुक्त ठरेल, कारण या बाबतीत शिक्षक, पालक आणि क्लासचालक तिघांचेही समज अर्धवट आहेत. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा देऊन एका गटाला तो पुन्हा वाचायला लावला, तर दुसऱ्या गटाला न पाहता आठवून लिहायला लावले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे. २०११ मध्ये कार्पिकी आणि ब्लंट यांनी विज्ञानाच्या उताऱ्यांवर असाच प्रयोग केला आणि पुस्तक समोर ठेवून संकल्पनांचे नकाशे काढण्यापेक्षाही आठवून लिहिणे सरस ठरले. २०१३ मध्ये डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींची छाननी केली. तीत स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागून करणे या दोन पद्धतींना सर्वाधिक उपयुक्त मानले गेले. ओळींखाली रंगीत रेघा मारणे आणि पुन्हा पुन्हा वाचणे तळाशी राहिले. आपल्याकडची पुस्तके पिवळ्या-गुलाबी रंगांनी न्हाऊन निघालेली असतात.

या निष्कर्षांचा अर्थ असा की, लातूरच्या शिक्षकांनी सततच्या सराव चाचण्यांवर जो भर दिला होता, त्यात तथ्य होते. चाचणी ही अभ्यासाची शत्रू नाही. प्रश्न चाचणीत काय विचारले जाते याचा आहे. कोऱ्या कागदावर हृदयाची आकृती आठवून काढणे आणि त्यातून रक्त कसे फिरते हे स्वतःच्या शब्दांत सांगणे यात स्मृतीला जे कष्ट पडतात, ते चार पर्यायांतून एक ओळखण्यात पडत नाहीत. गुणांच्या बाजारात बेदखल झालेली बोर्डाची परीक्षा या निकषावर अभ्यासाच्या दृष्टीने अधिक उपकारक ठरू शकली असती. तिने ती संधी तेच ते प्रश्न विचारून वाया घालवली.

एवढे सगळे का महत्त्वाचे, हे समजण्यासाठी प्रश्नपत्रिकेबाहेर यावे लागेल. सिकलसेल हा आजार 'नीट'च्या आवडत्या विषयांपैकी एक. बीटा ग्लोबिन साखळीच्या सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, हे वाक्य या परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक मुलाला झोपेतही सांगता येईल. महाराष्ट्रात हा आजार पाठ्यपुस्तकातला नाही. गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत आदिवासी भागांत आणि विदर्भातील अनेक समाजांत तो पिढ्यानपिढ्या आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले आणि २०४७ पर्यंतची मुदत आखली. या अभियानाचा सगळा भर एका साध्या अनुवंशशास्त्रीय सत्यावर आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. 'प्रत्येक' या शब्दावर येथे सारे अवलंबून आहे. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे होत नाही. सहावे स्थान पाठ असलेल्या मुलाला हा फरक शेजारच्या घरी समजावून सांगता येईल का, हे दोन्हींपैकी कोणतीही परीक्षा तपासत नाही.

याच धड्याच्या शेजारी उत्क्रांतीच्या प्रकरणात हार्डी-वाइनबर्ग यांचे १९०८ सालचे तत्त्व येते. त्याचे समीकरण पाठ असते. वापरले क्वचितच जाते. समजा एखाद्या समाजात चारशे बालकांमागे एक सिकलसेलचा रुग्ण जन्मतो. तत्त्वानुसार सदोष जनुकाचे प्रमाण चारशेव्या हिश्श्याचे वर्गमूळ, म्हणजे वीसात एक. मग वाहकांचे प्रमाण दोन गुणिले वीसात एकोणीस गुणिले वीसात एक, म्हणजे साडेनऊ टक्के. एका रुग्णामागे त्या चारशेंत सुमारे अडतीस निरोगी दिसणारे वाहक आहेत, हे या दोन ओळींच्या गणितातून कळते आणि केवळ रुग्ण शोधून भागणार नाही, तपासणी सर्वांची का करावी लागते, याचे उत्तर मिळते. पण हे गणित करायचे कोणी? वैद्यकीयकडे जाणाऱ्या मुलांपैकी अनेक जण दहावीनंतर गणिताला रामराम ठोकतात आणि 'पीसीबी' घेतात. आजचे जीवशास्त्र आकडेवारीवर उभे असताना त्याचे विद्यार्थी सोळाव्या वर्षी गणितापासून सुटका करून घेतात, आणि व्यवस्था त्यांना तसे करू देते.

दुसरे उदाहरण कापसाचे. जैवतंत्रज्ञानाच्या प्रकरणात बीटी कापूस असतोच. कोणते क्राय जनुक कापसावरील बोंडअळीला रोखते आणि कोणते मक्यावरील खोडकिड्याला, यावर जोड्या लावा हा प्रश्न ठरलेला. बीटी कापसाला देशात २००२ मध्ये मान्यता मिळाली, दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले. आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांनी त्याच बीटी कापसाची बोंडे फोडली तेव्हा आत गुलाबी बोंडअळी निघाली. पुस्तकातले जनुक बोंडअळीला रोखत होते, शेतातले रोखत नव्हते. याचे स्पष्टीकरण जैवतंत्रज्ञानाच्या धड्यात नाही. ते उत्क्रांतीच्या धड्यात, नैसर्गिक निवडीत आहे. विष पचवू शकणाऱ्या मोजक्या अळ्या जगतात, त्यांचीच संतती वाढते. बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याचे जे छोटे पाकीट येत असे, ते बांधालगत पेरायचे ते याचसाठी. तेथे वाढलेले पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी जुळावेत आणि प्रतिकाराचे जनुक विरळ राहावे, असा त्यामागचा हिशेब. पुष्कळांनी ते पाकीट पेरलेच नाही, कारण ते का पेरायचे हे कोणी पटवून दिले नव्हते. यवतमाळ-अमरावतीच्या कितीतरी घरांत त्या वर्षी बापाचे पीक अळीने खाल्ले आणि त्याच छताखाली बारावीचे मूल क्राय जनुकांची नावे घोकत होते. दोन प्रकरणे जोडून पाहण्याची सवय त्याला लागली असती, तर ते छोटे पाकीट बांधावर पडून राहिले नसते, असे म्हणणे कदाचित अतिशयोक्तीचे होईल. परंतु अशी सवय लावणे हे शिक्षणाचे काम नसेल, तर दुसऱ्या कोणाचे आहे?

'डॉक्टर झाले की पुढे सगळे शिकतातच' असे यावर उत्तर दिले जाते. हे उत्तर आकड्यांपुढे टिकत नाही. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी 'नीट' दिली. देशातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातही शासकीय शुल्काच्या जागा सुमारे निम्म्याच. म्हणजे साधारण अठरा जणांमागे एक एमबीबीएसला जातो. उरलेल्यांतले काही दंत, आयुर्वेद, होमिओपॅथीकडे वळतात, काही वर्ष फुकट घालवून पुन्हा बसतात. बाकीचे परिचर्या, औषधनिर्माण, कृषी, प्रयोगशाळा तंत्रज्ञान किंवा साध्या बीएस्सीला जातात. औषधनिर्माण आणि कृषीसाठी राज्याची सीईटी असतेच. तिची भिस्त राज्याच्या अभ्यासक्रमावर, त्यातही ऐंशी टक्के बारावीवर, आणि तेथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत; म्हणजे तिसरी परीक्षा, तिसरे तंत्र. कृषी महाविद्यालयात पोहोचलेल्या मुलाला तेथे पहिल्या वर्षी जे लागते, ते वनस्पतींचे खनिज पोषण आणि पाण्याचे वहन त्याने 'नीटला नाही' म्हणून सोडलेले असते. अठरातल्या एकासाठी आखलेल्या अभ्यासाची किंमत सतरा जण चुकवतात.

यावरचा एक उपाय अनेकदा सुचवला जातो, तो म्हणजे प्रवेशात बारावीच्या गुणांना काही भार देण्याचा. अभियांत्रिकीत हे करून झाले आहे. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मुख्य परीक्षेच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना चाळीस टक्के भार होता. वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका पातळीवर आणण्याचे गणित वादग्रस्त ठरले, निकालांना उशीर झाला आणि २०१७ पासून तो भार काढून टाकण्यात आला. तमिळनाडूने २०२१ मध्ये 'नीट'मधूनच बाहेर पडण्याचे विधेयक संमत करून पाहिले. महाराष्ट्राला असे काही पेलवेल असे वाटत नाही. आणि गुणांचा भार वाढवून जुने घोकंपट्टीचे प्रश्न कायम ठेवले, तर 'अपेक्षित' छापणाऱ्यांचा धंदा तेवढा तेजीत येईल.

राज्य मंडळाच्या हाती आहे ती स्वतःची प्रश्नपत्रिका. तिच्या गुणांवर आता कोणाचा प्रवेश टांगलेला नाही, ही तिची दुर्बलता मानली जाते. वस्तुतः तेच तिचे स्वातंत्र्य आहे. एकेका गुणासाठी न्यायालयात जाणारे पालक आता दुसऱ्या परीक्षेकडे गेले आहेत. सत्तरपैकी दहा-बारा गुणांचे प्रश्न तरी असे असावेत की, ज्यांची उत्तरे कोणत्याही पुस्तकात तयार मिळू नयेत. बोंडअळीच्या प्रादुर्भावाचा वर्षवार आलेख द्यावा आणि तो का चढला हे विचारावे. एका कुटुंबाची तीन पिढ्यांची वंशावळ देऊन धाकट्या मुलीने तपासणी करून घ्यावी का, असे विचारावे. केंद्रीय मंडळाने २०१४ पासून काही वर्षे अकरावीच्या जीवशास्त्रात आधी मजकूर देऊन त्यावर पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहिण्याचा प्रयोग केला होता. तो २०१७ मध्ये गुंडाळला गेला. हे पुन्हा करायचे तर मजकूर परीक्षेच्या दिवशीच हाती पडला पाहिजे.

अडचण प्रश्न काढण्यापेक्षा उत्तरे तपासण्यात अधिक आहे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकाच्या हाती आदर्श उत्तरसूची असते आणि तिच्यातले शब्द दिसले की गुण, अशी सवय पडलेली असते. खुल्या प्रश्नाला चार वेगवेगळी उत्तरे बरोबर असू शकतात. ती ओळखायला उत्तर शेवटपर्यंत वाचावे लागते. मर्यादित दिवसांत गठ्ठे संपवण्याच्या घाईत ते होणे कठीण. म्हणून सुरुवात नियामकांच्या बैठकीपासून करावी लागेल: प्रत्यक्ष विद्यार्थ्यांनी लिहिलेली पंधरा-वीस उत्तरे समोर ठेवून कोणत्या उत्तराला किती गुण आणि का, हे शिक्षकांनी आपसांत ठरवायचे, आणि त्यासाठी तपासणीच्या वेळापत्रकात दोन दिवस जास्तीचे द्यायचे. निकालाच्या तारखेची दरवर्षीची शर्यत पाहता, मंडळाला हे दोन दिवस शोधणे सोपे जाणार नाही.